ओपन स्पेस कुणाच्या नावावर? प्लॉटधारकांची संस्था करायची की नको

कुपवाड_रोडचा (धागा सुरू केला)

मंडळी, विषय जुना आहे. दर गणपतीत निघतो आणि विसर्जनाबरोबर जातो. या वेळी मात्र कारण वेगळं आहे.

परवा दुपारी आपल्या ओपन स्पेसमध्ये, म्हणजे प्लॉट पाडताना सगळ्यांसाठी सोडलेल्या मोकळ्या जागेत, तिघेजण टेप लावून मोजत होते. मी विचारलं तर म्हणाले, मालकांनी पाठवलंय. कोण मालक, असं विचारल्यावर ज्यांनी नव्वदच्या दशकात हे शेत बिगरशेती करून प्लॉट पाडले, त्यांच्या मुलांचं नाव सांगितलं. कशासाठी मोजताय, यावर उत्तर आलं नाही. टेप गुंडाळून गेले.

आपले ५८ प्लॉट. घरं चाळीसेक, बाकी प्लॉटमध्ये काँग्रेस गवत. ओपन स्पेसमध्ये एका बाजूला मंडळाचं पत्र्याचं शेड, दुसऱ्या बाजूला पोरांचं क्रिकेट, मध्ये कडुनिंब. आपण सगळे ती जागा 'आपली' म्हणतो. कागदावर ती आपली आहे का, हे आपल्यापैकी कुणी बघितलंय? आणि 'आपण' म्हणजे तरी कोण? उद्या कोर्टात उभं राहायचं झालं तर कुणाच्या नावाने राहणार?

माझं म्हणणं, रीतसर नोंदणी असलेली संस्था करूया. बोला.

बोअरचं_पाणी

माझा विरोध. आत्ताच सांगून ठेवतो, म्हणजे मागाहून गैरसमज नको.

सांगलीच्या माणसाला 'संस्था' म्हटलं की आधी अडकलेली ठेव आठवते. या जिल्ह्यात सहकारानं कारखाने उभे केले, दूध संघ उभे केले, हे मला मान्य आहे. पतसंस्थांच्या दारात वर्षानुवर्षं चपला झिजवणारी म्हातारी माणसंही याच जिल्ह्यात आहेत. आधी अध्यक्ष, मग सचिव, मग खजिनदार, मग दोन गट, मग पॅनेल. ज्या दोन घरांत आज वाटीभर साखरेची देवघेव आहे, ती उद्या एकमेकांविरुद्ध उपनिबंधकाकडे अर्ज करतील.

२०१९ च्या पुरात कुठली संस्था होती? आयर्विन पुलाला कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं तेव्हा गावभागातली किती कुटुंबं आपल्याकडे राहिली. त्याच शेडमध्ये चूल पेटली, पिठलं-भात झाला. कुणी ठराव केला होता का?

आयर्विन_४५

काका, पुरात माणसं चांगलीच वागतात. प्रश्न फेब्रुवारीतला आहे.

मंडळाचा_कार्यकर्ता

संस्था कशाला पाहिजे? मंडळ हाय की. वीस वर्षं वर्गणी गोळा करतोय, शेड आम्ही घातलं, कडुनिंबाला पार आम्ही बांधला. मोजायला कोण आलं तर पुढच्या वेळी पोरांना हाक मारा फक्त.

पार_बांधला_त्याचं_काय

पार बांधला तो नगरसेवकांच्या फंडातून ना भावा? फलक तर तसाच आहे.

मंडळाचा_कार्यकर्ता

सिमेंट फंडातलं. अंगमेहनत मंडळाची.

निवृत्त_ऑडिटर

नोकरी सहकार खात्यात गेली, म्हणून थोडं सविस्तर लिहितो. कंटाळा आला तर पुढे जा.

पहिली गोष्ट, मंडळ आणि संस्था यांत गल्लत नको. आपलं मंडळ उत्सवापुरती वर्गणी गोळा करतं. त्याला धर्मादाय कार्यालयाची तेवढ्यापुरती परवानगी लागते, सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याचं कलम ४१ क. उत्सव संपला, हिशोब दिला, विषय संपला. अशा मंडळाच्या नावावर जमीन होत नाही. पोरांना हाक मारून टेपवाले पळतील, पण सातबाऱ्यावरचं नाव पळत नाही.

दुसरी गोष्ट, संस्था करायची तर वाटा दोन.

एक म्हणजे सहकारी गृहनिर्माण संस्था, १९६० च्या महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याखाली. पुष्कळांना वाटतं ही फक्त फ्लॅटवाल्यांसाठी असते. तसं नाही. २०१९ ला या कायद्यात गृहनिर्माण संस्थांसाठी वेगळं प्रकरण घातलं. त्यातल्या व्याख्येत मोकळे प्लॉटही बसतात आणि प्लॉट आधीच घेतलेल्यांना सामाईक सोयी पुरवणारी संस्थाही बसते. नोंदणी तालुक्याच्या निबंधकाकडे, म्हणजे आपल्यासाठी मिरज तालुका. दरवर्षी लेखापरीक्षण, ३० सप्टेंबरच्या आत वार्षिक सभा, ठराविक मुदतीने निवडणूक. थकबाकी वसूल करायला कायद्याचा हात मिळतो, हा मोठा फायदा. पण जवळजवळ सगळे सोबत आले तरच यात अर्थ आहे. निम्मे बाहेर राहिले तर ती संस्था लंगडीच.

दुसरी वाट म्हणजे १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली नोंदणी आणि जोडीला धर्मादाय कार्यालयात विश्वस्त व्यवस्था म्हणून नोंदणी. याला सातजण पुरतात. काम हलकं, पण वसुलीचा दात नाही. न देणाऱ्याला हात जोडायचे, एवढंच. मात्र एक चांगली सोय आहे. न्यासाची जमीन धर्मादाय आयुक्तांच्या परवानगीशिवाय विकता येत नाही, कलम ३६. म्हणजे उद्या आपल्याच कमिटीला बुद्धी फिरली तरी ओपन स्पेस सुखरूप.

कमिटी बदलली की बदल अर्ज वेळेत द्यायचा, हे मात्र लक्षात ठेवा. निम्म्या न्यासांची भांडणं तिथेच सुरू होतात. जुनी कमिटी कागदावर, नवी कमिटी खुर्चीवर.

बोअरचं_पाणी

म्हणजे तुम्हीच सांगताय की भांडणं होतात.

निवृत्त_ऑडिटर

होतात. संस्था नसली तरी होतात. फक्त मिनिट बुकात येत नाहीत.

आयर्विन_४५

माझी भीती वेगळी आहे. आज आपण महापालिकेला घरपट्टी भरतो. रस्ता उखडला की नगरसेवकाला फोन, दिवा गेला की महापालिकेला फोन. वर्षभराने का होईना, मुरूम पडतो. उद्या सोसायटी झाली की तिथला इंजिनियर काय म्हणेल? "तुमचा अंतर्गत रस्ता आहे, तुमची सोसायटी बघेल." मग काळ्या मातीत पावसाळ्यात रस्ता खचला की खडी-मुरूम आपल्या खिशातून, घरपट्टी आहे तशीच. दोन्हीकडून मार.

१९९८ ला सांगली, मिरज, कुपवाड एकत्र करून महापालिका झाली तेव्हा आमच्या वडिलांना वाटलं होतं, आता गटारं होणार. वडील गेले. सांडपाणी अजून समोरच्या रिकाम्या प्लॉटमध्ये मुरतंय.

सर्व्हेचा_माणूस

वरच्या मुद्द्याला सोपा तोडगा आहे. रस्ते महापालिकेच्या नावावर करून द्यायचे, संस्थेनं फक्त ओपन स्पेस घ्यायची. दोन्ही एका पोत्यात भरू नका. संस्थेच्या उद्देशात "रस्ते, दिवे, गटारे यांची देखभाल" असं कुणी हौसेनं लिहिलं तर पहिल्यांदा ती ओळ खोडा. तयार मसुदे बाजारात मिळतात, त्यात हे सगळं असतंच.

टेक्सासातला_सांगलीकर

आई-बाबा प्लॉट नंबर ३१ मध्ये असतात, म्हणून हा धागा वाचतोय. मी इथे ज्या वस्तीत घर घेतलंय तिला होमओनर्स असोसिएशन आहे. इकडचा अनुभव सांगतो, त्यातून काय घ्यायचं ते ठरवा.

इथे असोसिएशन आधी येते, माणसं नंतर. बिल्डर जमीन पाडतानाच नियमांची चोपडी नोंदवून ठेवतो. ते नियम जमिनीला चिकटलेले असतात. घर घेतलं की तुम्ही आपोआप सभासद, मला नको म्हणायची सोय नाही. घराला रंग कुठला, कुंपण किती उंच, कचऱ्याचा डबा रस्त्यावरून कधी आत घ्यायचा, सगळं लिहिलेलं. हिरवळ वाढली की पत्र येतं, मग दंड. वर्गणी थकली तर घरावर बोजा चढतो, आणि ते टोकाला गेलं तर घराचा लिलावही होऊ शकतो. दुसरी बाजू पण आहे. पोहण्याचा तलाव, बाग, चालायचा रस्ता, सगळं लख्ख असतं आणि ते कुणाच्या मालकीचं याबद्दल कुणाच्या मनात शंका नसते.

आपल्याकडे उलटं आहे. माणसं आधी राहायला आली आणि संस्था आता येतेय. खरेदीखतात तशी अट नसेल तर जुन्या प्लॉटवाल्याला ओढून आत आणता येणार नाही. म्हणून गोडीनंच घ्यावं लागेल.

काँग्रेस_गवत

हिरवळीला दंड? आमच्या शेजारच्या रिकाम्या प्लॉटचा मालक तिकडे असता तर भिकेला लागला असता. दर श्रावणात तिथून धामण निघते.

पुण्याहून_बघतोय

तो रिकामा प्लॉट कदाचित माझाच असावा. गवताबद्दल दिलगीर आहे, माणूस पाठवतो.

पण मला एक सांगा, मी तिथे राहत नाही, पाणी वापरत नाही, दिवा वापरत नाही. मी महिन्याला पैसे का द्यायचे?

निवृत्त_ऑडिटर

साहेब, तुम्ही प्लॉट विकायला काढाल तेव्हा एजंट पहिलं वाक्य काय बोलेल? "समोर ओपन स्पेस आहे." ते वाक्य खरं राहावं म्हणून द्यायचे. आणि महिन्याला कुणी मागत नाही. कागदपत्रं, मोजणी आणि वकील यासाठी एकदाच वर्गणी, पुढे वर्षाकाठी थोडी. आकडा सभेत ठरू दे.

शिस्त_हवी

संस्था झालीच पाहिजे, पण नुसती ओपन स्पेससाठी नको. नियम पाहिजेत. बॅचलर पोरांना घरं देतात, रात्री दोनपर्यंत बुलेट फिरवतात. भटक्या कुत्र्यांना कोणीतरी पोळ्या घालतं. कुणाच्याही घरात कसलाही वास येतो. घर भाड्याने द्यायचं किंवा विकायचं तर संस्थेची परवानगी लागली पाहिजे. चांगली, आपल्यातली माणसं यावीत, एवढीच अपेक्षा.

वरच्या_मजल्यावरची

काका, मी भाडेकरू आहे. वालचंद कॉलेजला शिकवते. कुत्र्यांना पोळ्या मीच घालते. बुलेट माझी नाही.

तुमच्या संस्थेत मला मत नसणार, बरोबर? पण माझं घरभाडं, माझे पाहुणे, माझं जेवण यावर ठराव होणार. म्हणून धागा वाचते आहे.

मिरजकरीण

मी सहसा इथे लिहीत नाही. 'आपल्यातली माणसं' हे वाचलं म्हणून लिहिते.

मिरजेतून इकडे प्लॉट घ्यायचा ठरला तेव्हा आमच्या ह्यांनी आधी फोनवर सगळं पक्कं करायचं, मग आडनाव सांगायची वेळ आली की समोरून "घरात विचारून सांगतो" असं यायचं. ते 'सांगतो' कधी आलं नाही. इथल्या मालकांनी तसं केलं नाही, म्हणून आम्ही इथे आहोत. आमच्या गच्चीवर ईदला शीरखुर्मा प्यायला निम्मा लेआउट असतो. त्यात 'शिस्त हवी' काका पण असतात, दुसरा कप मागून घेतात.

संस्था कराच. त्या जागेत माझीही मुलं खेळली. पण परवानगीचं कलम घालणार असाल तर माझी सही धरू नका.

शिस्त_हवी

वहिनी, माझ्या मनात तसं काही नव्हतं. बुलेटवाल्यांसाठी लिहिलं.

निवृत्त_ऑडिटर

मनात काय होतं हे उपविधीत, म्हणजे संस्थेच्या नियमांत, लिहिलं जात नाही, शब्द लिहिले जातात. आणि त्या शब्दांचं वजन किती असतं बघा. अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेचा उपविधी होता, सभासद पारशीच असला पाहिजे. भांडण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. २००५ ला न्यायालयाने तो उपविधी वैध धरला. म्हणजे एकदा नोंदलेला शब्द किती लांब जातो, हे ध्यानात घ्या. आपल्याकडे कायद्यात सभासदत्व पात्र माणसाला खुलं ठेवण्याचं कलम आहे, कारणाशिवाय नाकारता येत नाही. पण कायदा वाचवेल म्हणून वाईट कलम लिहायचं, हा कुठला शहाणपणा?

भाड्याबाबतही सांगतो. सहकारी संस्था झाली तरी भाडेकरू ठेवणाऱ्याकडून सेवा शुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त बिनभोगवटा शुल्क घेता येत नाही. घर विकताना हस्तांतरणाचा अधिमूल्य आकार महापालिका हद्दीत २५ हजारांच्या वर नाही. २००१ पासूनचे शासनाचे आदेश आहेत. 'डोनेशन' म्हणून वरकड मागायचा प्रघात पुष्कळ ठिकाणी आहे, तो बेकायदा.

माझं वैयक्तिक मत: उद्देश एकच ठेवा. ओपन स्पेसची मालकी आणि राखण. कुणाच्या स्वयंपाकघरात, गच्चीत, गॅरेजमध्ये संस्थेनं पाय टाकायचा नाही, असं स्पष्ट लिहा. हे लिहिलं तर 'बोअरचं पाणी' यांचा निम्मा विरोध मावळेल असं मला वाटतं.

बोअरचं_पाणी

पावच. अर्ध्याचा हिशोब ऑडिटरनं करू नये.

सर्व्हेचा_माणूस

आज काम केलंय, ते सांगतो. १५ रुपये भरून डिजिटल सातबारा काढला. आपल्याकडे कमी-जास्त पत्रक झालेलं आहे, म्हणजे प्रत्येक प्लॉटचा सातबारा वेगळा आणि ओपन स्पेसचाही वेगळा. त्यावर भोगवटादार म्हणून मूळ मालक. त्यांच्या निधनानंतर वारसनोंद होऊन तिन्ही मुलांची नावं चढली आहेत. इतर हक्काच्या रकान्यात ओपन स्पेस असल्याचा काही शेरा नाही. कोरा.

म्हणजे बाहेरचा माणूस हा सातबारा बघेल तर त्याला तो रिकामा, बोजा नसलेला, तीन भावांचा प्लॉट दिसेल. टेप कशासाठी आली होती ते आता कळलं असेल.

घाबरू नका. मंजूर नकाशात ती जागा ओपन स्पेसच आहे आणि बिगरशेती आदेशात तिच्या वापराबद्दल अट असणार. दोन्हीच्या नकला काढायच्या. २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत तर असं आहे की ओपन स्पेस रहिवाशांच्या संस्थेकडे निहित झाली असं समजायचं. संस्था झाली नसेल तर मालकाने हमीपत्र द्यायचं, संस्था झाली की एक रुपया किमतीला तिच्याकडे हस्तांतरित करीन. इतर कुणाला विकायची नाही, भाड्यानं द्यायची नाही. आपला लेआउट त्याआधीचा आहे, त्यामुळे आपल्याला आपला आदेश काय म्हणतो ते वाचावं लागेल. पण हवा कुठल्या दिशेची आहे ते कळतं.

टेक्सासातला_सांगलीकर

मानीव अभिहस्तांतरण, म्हणजे मालक तयार नसला तरी सरकारी आदेशानं जागा संस्थेच्या नावावर, असं करता येईल का? मुंबईत मामांच्या सोसायटीनं तसं केलं.

सर्व्हेचा_माणूस

ते १९६३ च्या मोफा कायद्याखाली, फ्लॅटसाठी. आपल्याला उपयोग नाही. रेरा, म्हणजे स्थावर संपदा कायदा, २०१६ चा, आपली मंजुरी त्याच्या कितीतरी आधीची. आपल्याला वारसांशी बोलूनच घ्यावं लागेल, नाहीतर दिवाणी कोर्ट.

आणि संस्था होईपर्यंत थांबू नका. त्या जागेचा व्यवहार होऊन फेरफाराची, म्हणजे सातबाऱ्यावरचं नाव बदलण्याची, नोटीस लागली तर हरकतीला १५ दिवस मिळतात. ती हरकत कुठलाही प्लॉटधारक स्वतःच्या नावाने घेऊ शकतो. तलाठी कार्यालयाचा फलक कुणीतरी आठवड्याला बघून यायचा. मी बघतो, पण पावसाळ्यात माझी गाडी शेतावरच असते.

काँग्रेस_गवत

मी बघेन. तसाही पेन्शनीसाठी तिकडे जातो.

मंडळाचा_कार्यकर्ता

आमच्या शेडचं काय होणार ते कुणी बोलेना. जागा संस्थेची झाली तर शेड काढायला लावणार का?

निवृत्त_ऑडिटर

खरं सांगू का? ओपन स्पेसमध्ये बांधकाम करायला मर्यादा आहेत आणि परवानगी लागते. ती आपण घेतलेली नाही. शिवाय पुढच्या वर्षी तिथे पक्कं मंदिर बांधायची जी कुजबुज चालू आहे, ती तिथेच थांबवा. सार्वजनिक जागेत नवं धार्मिक बांधकाम होऊ देऊ नका, असं सर्वोच्च न्यायालयाने २००९ ला राज्यांना बजावलं आहे. उद्या वारसांचा वकील पहिलं बोट तिकडेच दाखवेल: बघा, हेच लोक जागेचा गैरवापर करतात.

पत्रा काढता-घालता येतो. उत्सवाच्या दिवसांपुरता घाला, मग उतरवा. जागा वाचली तर गणपती दरवर्षी बसेल.

मंडळाचा_कार्यकर्ता

पोरांशी बोलून सांगतो. पत्रा उतरवायचा-चढवायचा खर्च संस्थेनं द्यावा मग.

बोअरचं_पाणी

बघा, संस्था जन्माला आली नाही अजून, आणि पहिलं बिल आलं.

मिरजकरीण

तिन्ही भावांपैकी मधले माझ्या मिस्टरांच्या ओळखीचे आहेत, मार्केट यार्डात हळदीचा व्यापार करतात. आधी नोटीस, वकील असं न करता एकदा चहाला बोलवावं का? कदाचित त्यांनाही वडिलांनी काय लिहून दिलंय ते माहीत नसेल.

सर्व्हेचा_माणूस

बोलवा. पण आदेशाची नक्कल हातात आल्यावर. रिकाम्या हातानं चहाला गेलं की नुसताच चहा होतो.

कुपवाड_रोडचा

तर असं करूया. रविवारी सकाळी दहाला शेडमध्ये बसू. विषय तीनच: नकलांचा अर्ज कुणाच्या सहीनं, दोन वाटांपैकी कुठली, आणि भावांना कोण भेटणार. कुत्री, बुलेट, वास हे विषय घेतले जाणार नाहीत. भाडेकरूंनीही यावं, मत नसलं तरी तोंड आहे. पुण्या-मुंबईच्या प्लॉटवाल्यांना फोन मी लावतो, ज्यांचे नंबर नाहीत त्यांचे शेजाऱ्यांनी द्यावेत. 'बोअरचं पाणी' काकांनी सभेचं अध्यक्षस्थान घ्यावं अशी माझी सूचना आहे.

बोअरचं_पाणी

मला अडकवायचा डाव आहे हा. येतो, पण अध्यक्ष म्हणून नाही. विरोध नोंदवायला येतो. मिनिट बुक कोण आणणार?

निवृत्त_ऑडिटर

माझ्याकडे कोरं आहे.

वरच्या_मजल्यावरची

खुर्च्या मंडळाच्या की घरून आणायच्या?

मंडळाचा_कार्यकर्ता

मंडळाच्या. मोजून देणार, मोजून घेणार. मागच्या हळदीकुंकवातल्या चार अजून आल्या नाहीत.